टाकी बसली तो हिवाळा

डिसेंबर लागला की सकाळी मी शेगडी पेटवते आणि उगाचच वाकून ज्योतीकडे बघते. निळी आहे ना? कडेनं पिवळी तर पडत नाही? माझी मुलगी यशू हे बघून हसते. "आई, सिलेंडर आहे तो. परवाच आलाय. त्याला काय होणारे?" तिचं बरोबर आहे. संभाजीनगरला गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सिलेंडर येतो तो लाल, जड आणि मुका. त्याला भूक लागत नाही, तो रुसत नाही. संपतो मात्र न सांगता, आणि हमखास पाहुणे हॉलमध्ये बसलेले असताना संपतो. मग आम्ही तो हलवून बघतो आणि निदान एखादा चहा निघेल अशी आशा धरतो.

मी ज्या घरात वाढले तिथला गॅस थंडीनं गारठायचा. त्याला रोज खाऊ घालावं लागायचं आणि खाण्यात जरा काही चुकलं की तो तोंड फिरवायचा. अजिंठ्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. तिथं गोठ्याच्या मागं, दिवसभर ऊन मिळेल अशा जागी माझ्या मायचा गोबरगॅस होता, आणि अजून आहे. विहिरीसारखा गोल बांधलेला खड्डा, त्यात पाण्यात कालवलेल्या शेणाचा काला, आणि काल्यावर उपडी घातलेली काळी लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. माय सकाळी उठून आधी टाकीकडे बघायची, मग आभाळाकडे. टाकी वर असली की "आज धपाटे लावू", खाली असली की "आज पिठल्यावर भागवा." घरातल्या कुणाला त्यावर वाद घालता यायचा नाही, कारण टाकी सगळ्यांनाच दिसायची.

ऊर्जासुरक्षा हा भारदस्त शब्द मी पुढे पुस्तकात वाचला. भाषणात ऐकला. पण त्याचा अर्थ मला त्या टाकीमुळे आधीच ठाऊक होता. आपल्याकडं किती आहे ते दिसतं, कुठून येतं ते माहीत असतं, आणि उद्याचं जळण आज गोठ्यात उभं राहून रवंथ करत असतं. मागे दूरच्या कुठल्याशा समुद्रात जहाजं अडल्याची बातमी टीव्हीवर आली आणि आमच्या सोसायटीत सिलेंडर नोंदवायची एकच धांदल उडाली. मी मायला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या शेगडीचा अन् त्या समुद्राचा काय संबंध गं?" मी समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई लांबून आणता बाई तुम्ही जाळ."

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. कार्बनचं चक्र फळ्यावर काढायचा मला चांगला सराव आहे. एक झाड, एक गाय, एक कारखाना, वर हवा, खाली माती आणि सगळीकडं बाण. हवेतला कार्बन डायऑक्साईड झाड घेतं, झाडाचा पाला जनावर खातं, जनावर श्वासातून आणि शेणातून तो परत करतं, उरलेला मातीत कुजतो आणि पुन्हा हवेत जातो. मुलं निमूट उतरवून घेतात. माझ्या डोळ्यांपुढं मात्र त्या वेळी आमचं वावर असतं. विहिरीजवळचा जोंधळा, त्याचा कडबा, तो कडबा खाणारी चंद्री म्हैस, तिचं शेण, शेण कालवायची कुंडी, टाकी, नळी आणि शेवटी मायच्या तव्याखालची निळी ज्योत. तव्यावरची भाकरी त्याच जोंधळ्याची. खालचा जाळ आणि वरची भाकरी एकाच वावरातून आलेली. टाकीतून बाहेर पडणारी मळी, म्हणजे वापरून झालेला काला, पुन्हा त्याच वावरात जायची, आणि माय भाकरी थापताना जो श्वास सोडायची तोही कुठं जात असेल, तर त्या जोंधळ्याकडंच, असं मला वाटायचं.

यशूच्या पुस्तकात यंदा हाच धडा आहे. परवा तिनं विचारलं, "आजीचा गॅस जाळला तरी कार्बन डायऑक्साईड निघतो आणि कोळसा जाळला तरी तोच निघतो. मग फरक काय?" प्रश्न चांगला होता. मी जरा विचार केला आणि वर माळ्याकडं बोट दाखवलं. म्हटलं, कोळसा, पेट्रोल, आपला हा लाल सिलेंडर, हे सगळं पृथ्वीनं फार फार पूर्वी माळ्यावर टाकलेलं सामान. आपण ते रोज खाली काढतो आणि हॉलमध्ये रचतो. ते परत वर कसं ठेवायचं ते कुणाला नीटसं जमत नाही. आजीची रोजची भांडी मात्र वापरली, घासली, मांडणीवर लावली, पुन्हा काढली, अशी फिरत राहतात. पसारा वाढत नाही. यशू म्हणाली, "म्हणजे आता हॉलमध्ये चालायलाच जागा उरली नाही." व्हय बाई, म्हटलं, तेच.

आजीचा गॅस न जळता तसाच हवेत सुटला तर पसारा उलट जास्तच होतो, हेही मी तिला सांगितलं. म्हणून तर माय नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघत बसायची. यशूला हे सगळं फार गोड वाटतं. ती जन्मली त्या हिवाळ्यात ती टाकी तिच्याचमुळं खाली बसली होती, हे तिला सांगितलं की ती दर वेळी नव्यानं ऐकते.

मुळात तो गोबरगॅस हौसेनं झालेला नव्हता. मायच्या छातीनं तो करून घेतला होता. लग्न होऊन आल्यापासून ती चुलीपुढं बसली. पऱ्हाट्या, म्हणजे वेचणी झाल्यावर उरलेली कापसाची वाळकी झाडं, आणि थोड्या गवऱ्या, हेच आमच्याकडचं जळण. पऱ्हाटी चटकन पेटते आणि चटकन विझते. तिच्यापुढून उठता येत नाही. धूर डोळ्यांत, केसांत, पातळात. हळूहळू मायला दम लागायला लागला. छातीतून शिट्टी वाजायची. सिल्लोडच्या डॉक्टरांनी सांगितलं की औषध देतो, पण धूर बंद करा, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही. तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुरकुरत का होईना, टाकी बसवली. "शेणाच्या वाफेवर शिजलेलं खायचं व्हय?" असं ते म्हणाले होते. माय म्हणाली, "गवरीवर शिजलेलं इतके दिस गोड लागलं, ते कशाचं व्हतं?" धूर थांबला. शिट्टी कमी झाली, आणि माय पुन्हा चालता चालता बोलायला लागली.

यशू शहरातल्या दवाखान्यात झाली आणि सव्वा महिन्यासाठी मी तिला घेऊन गावी गेले. कडाक्याची थंडी होती. अण्णांनी नातीसाठी घराचं रूप पालटून टाकलं होतं. भिंतींना चुना, दाराला रंग, अंगणात एक काडी दिसेल तर शपथ. गोठासुद्धा ते रोज सकाळ-संध्याकाळ धूत होते. ज्या माणसानं जन्मात कधी घागर हलवली नाही तो माणूस खराटा घेऊन म्हशीच्या पायाखाली वाकलेला बघून मायला हसू आवरत नव्हतं. "नात झाली अन् तुझ्या बापाला उजाडलं," ती माझ्या कानात म्हणाली. घराला एक दवाखान्यासारखा स्वच्छ वास येत होता. बाळंतिणीला कुठल्याही वासानं मळमळतं, म्हणून मी त्याच्याकडं फारसं लक्ष दिलं नाही.

पहिले काही दिवस शेगडी ठीक चालली. मग ज्योत पिवळी पडली. मग ठेंगणी झाली. एका सकाळी माझ्या न्हाणाचं पाणी कोमट व्हायच्या आत ती फडफडली आणि गेली. माय मागं जाऊन बघून आली. टाकी खाली टेकली होती.

"थंडीनं धरलंय तिला," माय म्हणाली. आजारी लेकराचं करावं तसं तिनं टाकीचं केलं. भोवती कडब्याच्या पेंढ्या लावल्या, वर गोणपाट टाकलं, शेण उन्हात ठेवलेल्या पाण्यात कालवलं, कुणीतरी सांगितलं म्हणून गुळाचं पाणीही पाजलं. टाकी हलली नाही. गॅस आहे म्हणून मायनं सिलेंडरची जोडणी कधी घेतलीच नव्हती, आणि आता मागितली तर ती येईपर्यंत थांबावं लागणार होतं. घरात बाळंतीण, बाळ, आणि घोटभर ऊन पाणी नाही. मायनं कुणाला न विचारता परसातली जुनी चूल सारवली, पऱ्हाट्यांचा भारा ओढला आणि बसली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिची शिट्टी मला आतल्या खोलीत ऐकू आली. बाहेर येऊन बघते तो ती भिंतीला धरून बसलेली, ओठ काळेनिळे, आणि हातानं मला मागं ढकलते आहे, लेकराला धूर लागेल म्हणून. वाफारा द्यायचं मशीन घरात होतं, पण भारनियमनामुळं दिवसा वीज नव्हती. अण्णांनी शेजारची जीप मिळवली आणि तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वाफारा दिला, दोन दिवस ठेवून घेतलं आणि घरी पाठवताना बजावलं की आता पुन्हा चुलीपुढं बसवलंत तर मला दोष देऊ नका.

मी म्हटलं, माय, तू माझ्यासंगं संभाजीनगरला चल. ती मानेनंच नाही म्हणाली. चंद्रीची धार कोण काढणार? वावर कोण बघणार? गाव सोडून तिसऱ्या मजल्यावर बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण टाकी उठली नाही आणि सिलेंडरही वेळेवर मिळाला नाही, तर तिच्यापुढं दोनच वाटा होत्या, धूर नाहीतर गाव सोडणं. ज्या हिवाळ्यात मला लेक मिळाली त्याच हिवाळ्यात माझी माय जाते की काय, असं मनात यायचं आणि मी यशूला आणखी घट्ट धरायचे.

अण्णा म्हणाले, "चुलीपुढं मी बसंन." आणि खरंच बसले.

माय परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी यशूला कोवळं ऊन द्यायला गोठ्याकडं नेलं. अण्णा गोठा धूत होते. नालीतून पाणी वाहत होतं आणि ते दुधासारखं पांढरं होतं. तो स्वच्छ वास इथूनच येत होता.

"अण्णा, हे पांढरं कशाचं?"

"फिनेल हाय. दवाखान्यात पुसत्यात ते. कॅनच आणला. जंतू राहाया नको ना, लेकराला."

"आणि हे पाणी जातं कुठं?"

"कुंडीत," ते मोठ्या अभिमानानं म्हणाले. "तुझ्या मायनं सांगितलंय ना, गोठ्याचं पाणी वाया घालवायचं नाय. एक थेंब घालवला नाय मी."

मला रडावं की हसावं कळेना. मायनं शिकवलेली काटकसर आणि नातीवरची माया, दोन्ही त्यांनी मन लावून टाकीत ओतली होती. मी हळूच म्हटलं, "अण्णा, गॅस जंतूच करतात. त्या टाकीत तेच राहतात." त्यांचा खराटा हातातून खाली आला. "म्हंजी मी मारले?" त्यांनी विचारलं. त्यांचा राग यायला हवा होता, पण मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं.

मायला त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "लेकरासाठीच केलं ना. कॅन किती उरलाय?"

"निम्मा हाय."

"मग गोठ्याकडं आणू नका तेवढा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

आता विरजण लागणार होतं. दुधाला लागतं तसंच गोबरगॅसलाही लागतं. चालू टाकीतला काला नव्या टाकीत घातला की ती लवकर धरते. गावात आधी टाकी झाली ती आमची, म्हणून पुढच्या सगळ्या टाक्यांना विरजण मायनं दिलं होतं. तिची एक रीत होती. न्यायला येणाऱ्यानं रिकामी बादली आणायची नाही. ताज्या शेणानं भरून आणायची, ती आमच्या कुंडीत ओतायची आणि मग काला न्यायचा. "माझी उपाशी राहाया नको," ती म्हणायची. पण नंतर घरोघरी सिलेंडर आले आणि बहुतेकांच्या टाक्या गंजून पडल्या. चालू होती ती एकच, किसनकाकांची. किसनकाका म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ. वावराच्या बांधावरून दोघांचं इतकं बिनसलं होतं की एकमेकांच्या दारावरून जातानाही ते मान फिरवून जायचे. त्यांच्या टाकीचं विरजणसुद्धा सुमनकाकूनं पुरुष माणसं वावरात असताना मायकडून गुपचूप नेलं होतं.

मी म्हटलं, मीच सुमनकाकूला निरोप देते. अण्णा नको म्हणाले. त्यांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, दोन बादल्या ताज्या शेणानं काठोकाठ भरल्या आणि निघाले. पारावर बसलेल्यांना तर आयतीच करमणूक झाली. कुणीतरी ओरडलं, "अण्णा, येवढा आहेर कुणाकडं निघाला?"

"भावाकडं," अण्णा म्हणाले.

पुढचं सुमनकाकूनं मला रंगवून सांगितलं. अण्णा दारात उभे राहिले. किसनकाका आधी त्यांच्याकडं बघेनात, बादल्यांकडं बघत राहिले. अण्णांनी काय झालं ते सांगितलं, फिनाईलसकट. किसनकाकांना हसू फुटलं, मग वहिनीला दवाखान्यात न्यावं लागलं हे ऐकून ते एकदम थांबले. म्हणाले, "दोन बादल्यांनी काय व्हतंय? येडा का खुळा तू? थांब, गाडी जुपतो." संध्याकाळी बैलगाडीतून काल्यानं भरलेले पिंप आमच्या दारात आले आणि पिंपांच्या आधी दोघा भावांचा आवाज आला. "तो दगड माझ्या बापानं रवलेला हाय!" "रवला खरा, पण सरकवला कुणी?" बांधाचं तेच जुनं भांडण होतं. पण ते भांडत आले, म्हणजे बोलत तरी आले. माय खाटेवर उठून बसली आणि पदरात तोंड लपवून हसायला लागली. हसता हसता खोकली, तरी हसतच राहिली.

जुना काला उपसून वावरातल्या खड्ड्यात गेला, नवा आत पडला. मग वाट बघणं आलं. थंडीत दूधही उशिरा लागतं, मग हे तर शेण. काही दिवसांनी टाकी बोटभर उचलली. अण्णा धावत आत आले, काडी ओढली, कॉक फिरवला, आणि काडीच विझली. पुन्हा ओढली, पुन्हा विझली. मी सांगितलं की सुरुवातीच्या गॅसात कार्बन डायऑक्साईडच जास्त असतो, तो जळत नाही, उलट विझवतो. अण्णांचा चेहरा उतरला. माय म्हणाली, "कामाला तर लागलेत ना आतले. येईल."

त्या सगळ्या दिवसांत चुलीपुढं अण्णाच होते. माझं पाणी, मायचा काढा, भात, पिठलं. भाकऱ्या सुमनकाकू आणून द्यायची, कारण अण्णांची भाकरी चंद्रीनंसुद्धा हुंगून सोडली होती. पऱ्हाट्या मोडायच्या, फुंकणी फुंकायची, राख डोळ्यांत उडवून घ्यायची, पुन्हा फुंकायची. त्यांचे डोळे लाल झाले. सकाळी उठल्यावर ते काळं थुंकायचे. आतल्या खोलीत मी दोन श्वास ऐकत पडायचे, यशूचा भरभर चालणारा आणि मायचा हळूहळू मोकळा होत जाणारा. बाहेर अण्णा खोकायचे.

मग एका सकाळी टाकी चांगली वर आली. अण्णांनी काडी ओढली आणि ज्योत धरली. आधी पिवळी, मग कडेनं निळी, मग सगळीच निळी. नळीतून येणारी बारीक फुसफुस तेवढी ऐकू येत होती. माय भिंतीला टेकून बसली होती, यशू तिच्या मांडीवर. तिनं एक लांब श्वास घेतला आणि तो आत कुठं अडकला नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

अण्णांनी चहाचं आधण ठेवलं. लाल डोळ्यांनी ज्योतीकडं बघत बसले. मग मायकडं न बघताच म्हणाले, "येवढा धूर असतो चुलीला. कधी बोलली नाहीस तू."

माय यशूचं टोपडं नीट करत होती.

"बोलायचं काय त्यात?" ती म्हणाली. "घरातच तर व्हता की तुम्ही."

चहा उतू गेला तरी अण्णांना कॉक फिरवायचं सुचलं नाही.